वाढदिवसाचा केक

वर्लीन टॉलिव्हरचं चुकलं ते एवढंच, की तिने हॅडलीसाहेबाच्या वाढदिवसाला केक केला.

आता मिसिसिपीतल्या त्या मासे कापायच्या कारखान्यात वाढदिवस कुणाचाही असो, केक वर्लीनचाच. कॅरमलचा, तीन थरांचा. माणूस आवडो न आवडो, त्याचा वाढदिवस कोरडा जाऊ द्यायचा नाही, ही तिच्या आईची शिकवण. तिच्या हाताखाली शिकलेली गोरी पोरं एकामागून एक सुपरवायझर झाली, त्यांनाही तिने केक खिलवला. शेवटी तिने तोंड उघडून ती जागा मागितली, तेव्हा कारखान्याचा मॅनेजर हॅडली हसत म्हणाला, "तुम्हा काळ्यांचे हात चाकूलाच बरे, वर्लीन. हुकूम सोडणं तुमचं काम नव्हे."

शेजारच्या टेबलावर मॉझेल मासा सोलत होती. तिने सगळं ऐकलं. जेवणाच्या सुट्टीत वर्लीनच्या गळ्यात पडून रडलीसुद्धा.

वर्लीनने दावा ठोकला. पैशाची तिला हाव नव्हती. आपल्यावर अन्याय झाला, एवढं एका न्यायाधीशाच्या तोंडून तिला ऐकायचं होतं. साक्षीला मॉझेल होतीच. चर्चमध्ये दर रविवारी दोघी खांद्याला खांदा लावून गायच्या, तेव्हा काळजी कसली?

जबानीच्या दिवशी कंपनीच्या वकिलाने गोड आवाजात विचारलं, एवढा अपमान झाल्यावर पुढच्याच महिन्यात हॅडलींना केक कुणी केला? मी केला, वर्लीन म्हणाली. मग त्याने एक फोटो पुढे सरकवला. त्यात ती केक हातात धरून हॅडलीशेजारी हसत उभी होती. अरे मेल्या, फोटो काढताना माणूस हसणार नाही तर काय गळा काढणार? पण शपथेवर असं बोलता येत नाही.

मॉझेलने तर कहरच केला. मशीनच्या आवाजात मला काही ऐकू आलं नाही, म्हणाली. त्याच आठवड्यात कंपनीने तिला सुपरवायझर केलं होतं. हीच ती जागा, बरं का! वकील छाती काढून सांगत सुटला, आमच्याकडे काळी बाई सुपरवायझर आहे. दावा ज्यूरीपर्यंत पोचलाच नाही, न्यायाधीशांनी आधीच फेटाळला. निकालात केकचा उल्लेख मात्र आवर्जून केला होता.

पुढे पास्टरचा वाढदिवस आला. वर्लीनने केक केला. खोड जाते का कुठे! चर्चमागच्या हॉलमध्ये ती तुकडे कापत होती, आणि रांगेत मॉझेल ताटली घेऊन उभी राहिली. बायका माना वळवून बघू लागल्या.

वर्लीनने मॉझेलला आवडणारा, कडेचा जास्त कॅरमलवाला तुकडा काढला आणि तिच्या ताटलीत ठेवला.

"खा बाई," ती म्हणाली. "पण मी दिला म्हणजे तुला माफ केलं, असं कुठे शपथेवर सांगू नकोस."

मॉझेलने मान खाली घातली. केक मात्र सगळा संपवला.