पन्नासावा भाग

मावशीने डायलिसिसला जायचं बंद केलं आणि सगळ्या घराने त्याचं खापर माझ्या डोक्यावर फोडलं. तिला ॲनिमेचं, म्हणजे जपानी कार्टून मालिकांचं, वेड मी लावलं होतं, तेव्हा एक मालिका संपल्यावर दुसरी शोधून देणं हेही माझंच काम, असा एकूण निवाडा झाला.

दुर्दैवाने ते खरोखरच माझं काम आहे. मालिका संपली की पडद्यावर 'ही आवडली? मग ह्याही बघा' अशी रांग येते ना, ती लावणाऱ्या खोलीत मी बसते. सहा टेबलं, एक कुरकुरणारा पंखा, आणि ॲनिमे सगळं माझ्याकडे. प्रत्येक मालिकेला आम्ही खुणा लावतो: समुद्रप्रवास, चिडका म्हातारा, संथ गती, रडवणारा शेवट. खुणा जुळल्या की मालिका जुळली. लग्नं जमवणाऱ्या काकवासुद्धा एवढं खोदून विचारत नसतील.

मावशीला मी नकाशे काढणाऱ्या मुलीची मालिका दिली होती. ती मुलगी एका खडूस नावाड्याला घेऊन सातवं बेट शोधत फिरते, असं काहीतरी. पन्नास भाग. आठवड्यातून तीनदा चार-चार तास खुर्चीला खिळून राहायचं म्हणजे बाईला काहीतरी हवंच होतं. मालिका तिला इतकी आवडली की सोमवार उजाडायची ती वाट बघायला लागली. मग एक दिवस तिच्या खात्यावर हिरवी खूण आली, 'पाहून झाली', आणि माझे नाकी नऊ यायला सुरुवात झाली. दोन आठवड्यांत मी तिला अकरा मालिका दिल्या. अकराच्या अकरा परत.

बुधवारी दुपारी ऑफिसात नर्सचा फोन आला. "ताई, तुमच्या मावशी सोमवारी आल्या आणि खुर्चीत न बसताच निघून गेल्या. आज तर आल्याच नाहीत. अंगात पाणी साठतंय त्यांच्या. आजची चुकली ना, तर पुढच्या वेळी ॲम्ब्युलन्सनेच आणाल. तीन वाजता मशीन रिकामं होतंय, कसंही करून आणा."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. आई गेल्यावर मला ज्या बाईने वाढवलं, ती मालिका आवडत नाहीत म्हणून स्वतःच्याच जिवावर उठली होती.

मी पोचले तेव्हा ती पलंगावर तीन उशांना टेकून बसली होती. आडवं झालं की दम लागत होता. पावलं सुजून सपाता बाजूला पडल्या होत्या.

"ऊठ, जायचंय," मी म्हटलं.

"काय करू तिथे? चार तास भिंतीकडे बघू?"

"मी अकरा मालिका दिल्यात तुला!"

"त्या बोटीवाल्यांच्यात सगळी पोरं नुसती किंचाळतात."

"आणि तो घड्याळजी?"

"तो चिडका नाही, उद्धट आहे. फरक असतो चिमणे."

"डोंगरातली पोस्टमन बाई? ती तर अगदी तशीच आहे!"

"इतकी संथ की मला वाटलं टॅब्लेट बंद पडलाय."

मी कपाळावर हात मारला. ऑफिसात लाखो माणसं माझ्या याद्यांवर मुकाट्याने पुढचं बटण दाबतात, आणि इथे एक अडुसष्ट वर्षांची बाई मला दाराबाहेर उभी करत होती. "मग तुला त्यात आवडलं तरी काय होतं? एकदा सांगून टाक!"

"तुला माहीत नाही? तूच दिली होतीस की."

"माहीत आहे," मी दडपून सांगितलं. "शेवट. शेवट किती सुंदर आहे."

"असेल. मी कुठे पाहिलाय?"

मी टॅब्लेट ओढून घेतला. हिरवी खूण जागच्या जागी होती. खाली बारीक अक्षरांत पन्नासपैकी एकोणपन्नास. आमच्याकडे नव्वद टक्के झालं की 'पाहून झाली' धरतात. शेवटी नावं येतात ती कोणी बघत नाही, म्हणून कोणे एके काळी कोणीतरी ठरवलेला नियम. तो शिकाऊ पोरांना मीच शिकवते. मावशीची मालिका संपलीच नव्हती, आणि मी तिच्या दारात 'तशाच' मालिकांचा ढीग ओतत होते.

"अगं मग बघून टाक ना! वीस मिनिटांचा तर भाग आहे!"

"एकटी?"

तेव्हा कुठे मला ड्रायव्हर आठवला. शेजारच्या, खिडकीजवळच्या खुर्चीत एक रिटायर्ड बसड्रायव्हर असतो, एवढं तिच्या बोलण्यात मी ऐकलं होतं. ऐकलं म्हणजे कानावरून गेलं होतं.

"हेडफोनचं एक बोंडूक त्याच्या कानात, एक माझ्या," मावशी म्हणाली. "दिवसाला दोनच भाग. त्याचा नियम. म्हणायचा, गाडी वेळेआधी स्टँडवर नेली तरी शिव्याच बसतात. तो म्हणायचा, सातवं बेट सापडत नाही. मी म्हणायचे, सापडतं. पैज लागली होती. मी जिंकले तर खिडकीची खुर्ची माझी. एकोणपन्नासावा संपला आणि त्याला दम लागला. म्हणाला, शेवटचा पुढच्या वेळी."

"मग?"

"मग आला नाही. विचारलं तर म्हणतात शिफ्ट बदलली. तीन वर्षं जातेय मी तिथे. कुणाची शिफ्ट कुठे बदलते ते मला कळत नाही का?" तिला धाप लागली. जरा थांबून म्हणाली, "आणि सोमवारी ती नर्स हसत हसत सांगते, मावशी, खिडकीची खुर्ची रिकामीच आहे, बसा तुम्ही. मी तशीच घरी आले. पैज न जिंकता खुर्ची घेऊ?"

मला रडू आलं आणि रागही आला. राग जास्त करून स्वतःचाच. दोन आठवडे मी खुणा जुळवत बसले होते, आणि शेजारची खुर्ची रिकामी आहे का हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

"चल," मी म्हटलं. "मी बघते तुझ्याबरोबर शेवटचा."

"तू आधीचे एकोणपन्नास पाहिलेस?"

मी टॅब्लेट पिशवीत भरायला लागले.

"बघितली नाहीस?" तिचे डोळे मोठे झाले. "म्हणजे न बघताच सांगतेस लोकांना, हे बघा नि ते बघा?"

"मावशी, चारशे मालिका आहेत माझ्याकडे. सगळे तसंच करतात."

"लोकां सांगे ब्रह्मज्ञान," ती म्हणाली आणि दोन आठवड्यांत पहिल्यांदा हसली. हसता हसता खोकली. "तुला मधनंच शेवट नाही दाखवायची मी. पहिल्यापासून बघ. मध्ये प्रश्न विचारलेस तर बोंडूक काढून घेईन."

"कुठे बघायची?"

"जिथे बघतात तिथे. माझ्या सपाता दे."

सपाता चढल्याच नाहीत, माझ्या चपला घालून निघाली. तीनला दहा कमी असताना तिचं वजन झालं, नर्सने आकडा बघून माझ्याकडे डोळे वटारले, आणि मावशी आपल्या जुन्या खुर्चीत बसली. खिडकीची खुर्ची तशीच राहिली. मी मधल्या स्टुलावर बसले. एक बोंडूक तिच्या कानात, एक माझ्या.

पहिला भाग संपला. पडद्यावर 'मग ह्याही बघा' आलं, मीच लावलेली रांग. मावशीने माशी हाकलावी तशी ती बोटाने बाजूला सारली.

"पैज लावू या," मी म्हटलं. "मी म्हणते, बेट सापडत नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग रिकाम्या खुर्चीकडे. "हरलीस तर?"

"खिडकीची खुर्ची तुझी."

"आणि मी हरले तर?"

"तर पन्नासावा संपल्यावरही इथे यायचं. दर सोमवारी, बुधवारी, शुक्रवारी. बघायला काही असो नसो."

मशीन घरघरत होतं. मावशीने नळ्या लावलेला हात जरा सरळ केला, आणि दुसऱ्या हाताने माझ्या कानातलं निसटणारं बोंडूक नीट बसवलं.

"खडूस," ती म्हणाली. "लाव दुसरा. आणि आज तिसरा मागायचा नाही."