गवतावरचे बूट

समुद्राकाठच्या त्या स्टेडियममध्ये सात वर्षांत एकही मोठा सामना झाला नव्हता. यंदा एखादा व्यावसायिक फुटबॉल संघ मिळाला नाही, तर मैदान मोटारी उभ्या करायला द्यायचं ठरलं होतं. हे ऐकल्यापासून म्हाताऱ्या माळ्याला अन्न गोड लागत नव्हतं. खाऱ्या वाऱ्यानं गवताच्या पात्यांवर बसलेलं मीठ तो रोज पहाटे गोड्या पाण्यानं धुऊन काढायचा.

एके सकाळी कुणी एक पाहुणा बूट घालून थेट गवतात शिरला. माळी सवयीनं खेकसला, "ओ साहेब, आधी बूट काढा! असले लाड सासरवाडीला!"

स्टेडियमचा व्यवस्थापक धावत आला. "काका, अहो, मैदान बघायला आलेले फुटबॉल संघाचे मालक आहेत ते!"

मालकांनी मात्र मुकाट्यानं बूट काढले आणि ते अनवाणी मधल्या वर्तुळापर्यंत जाऊन आले.

"गालिचा आहे हो नुसता," ते म्हणाले. "संघ इथंच आणतो. पण काका, बावीस जण बूट घालूनच धुडगूस घालणार. सोसेल ना तुम्हाला?"

माळ्यानं त्यांचे बूट उचलून त्यांच्या पुढ्यात ठेवले.

"घालू देत," तो म्हणाला. "उखडलेलं लावायला मी आहे की."