ज्ञानू बर्गेचा पूल

कीर्तनाच्या गादीचा एक कायदा आहे, फार जुना. माणूस गादीवर उभा राहिला की तो नारद होतो. मग समोर त्याचा बाप बसलेला असला तरी वाकायचं ते बापानं. आणि आरती होईस्तोवर मध्ये कुणी तोंड उघडायचं नाही. या कायद्यानं आजवर कितीक गांजलेल्या जिवांना घटकाभर सावली दिली असेल, त्याची गणती देवाकडेच. पण सावलीचं झाडच एखाद्याच्या अंगावर पडलं, तर त्यानं काय करावं, हे काही त्या कायद्यात सांगितलेलं नाही.

लीना या गादीच्या डाव्या अंगाला पेटी घेऊन बसायची. गादीवर तिचा नवरा, गुरुप्रसाद. बहारीनमध्ये उड्डाणपुलांच्या कामावर इंजिनियर, पण सांगलीकडचं कीर्तनकाराचं घराणं, त्यामुळे तिथलं मराठी मंडळ वर्षातून दोनदा त्याला उभं करायचं. तबल्याला रत्नागिरीचा मुनाफ. तो मुहर्रकला विमानतळावर कामाला होता, शिफ्ट बदलून घेऊन यायचा. दोघांच्या मध्ये उभा राहून गुरुप्रसाद झांज वाजवायला लागला, की परदेशात आहोत हे लोक विसरून जायचे. गळाच तसा होता.

सनाबिसला त्यांच्याच बिल्डिंगमध्ये, एक मजला खाली, मयुरेश बर्गे राहायचा. मीना सलमान बंदरातल्या एका वर्कशॉपमध्ये कामाला होता. त्याचे वडील तुकारामबापू कोरेगावाहून व्हिजिट व्हिसावर आले होते. एसटीत कंडक्टरकी केलेला माणूस, बायको गेलेली, बोलायला कुणी हवं असे. लीना संध्याकाळी खाली गेली की बापू चहाचे कप धुऊन आणायचे, टेबलावर ओळीनं उपडे मांडायचे आणि त्यावर लाटणं आडवं ठेवायचे.

हा इटलीतला पूल. कप म्हणजे खांब, लाटणं म्हणजे रेल्वेचा रूळ. खाली तोरवा नदी. बापूंचा बाप, शिपाई ज्ञानू बर्गे, मोठ्या लढाईत तिकडे गेला तेव्हा बापू आईच्या पोटात होते. ज्ञानूनं एकट्यानं पुलाचं हे टोक धरलं, पलीकडून येणारा गनीम रात्रभर थोपवला, आणि सकाळी पूल उभा होता पण ज्ञानू नव्हता. सरकारचं पत्र आलं त्यात एवढंच होतं की कामी आला. बाकीचं गावातल्या एका परतलेल्या शिपायानं आईला सांगितलं, आईनं बापूंना, आणि बापूंनी ते ऐंशी वर्षं जपलं. मयुरेश त्यांना म्हणायचा, "दादा, लाटणं ठेवा आता, पोळ्या करायच्यात." बापू म्हणायचे, "पूल मोकळा हुईस्तोवर थांब." लीनाला गोष्ट पाठ झाली होती, तरी ती दर वेळी विचारायची, मग पुढे?

बापूंची जीभ मात्र तिखट. दत्तजयंतीच्या कीर्तनानंतर चार लोकांत ते गुरुप्रसादला म्हणाले, "बुवा, गळा म्हंजी खडीसाखर. पर कुणाचा पदर वला झाला न्हाई." लोक हसले. गुरुप्रसादही हसला. पण त्या रात्री तो जेवला नाही, पोट बिघडलंय म्हणाला, आणि पोट काही बिघडलेलं नव्हतं हे लीनाला ठाऊक होतं.

फेब्रुवारीत दोघांचं सुट्टीवर इटलीला जायचं ठरलं, तसे बापू जिना चढून वर आले. हात जोडले. म्हणाले, बुवा, तेवढा पूल बघून या. चैत्रात तुमचं कीर्तन आहे, त्यात उत्तररंगाला त्या पुलाचं आख्यान लावा. मी यजमान होतो, शाल-श्रीफळ माझं. मग मी परत जाणार, पुन्हा काही यायचा नाही. गादीवरून बापाचं नाव एकदा कानावर पडलं, की माझं इथलं काम झालं.

गुरुप्रसाद म्हणाला, लावतो.

तोरवा ही नदी तशी लहान. कोरड्या दिवसांत गुडघाभर पाणी आणि मध्ये वाळूचे पट्टे. रेल्वे केव्हाच डोंगराच्या आतल्या बाजूला गेली, आता त्या पुलावरून लोक सायकली फिरवतात. पण पूल देखणा. पुलाच्या पायथ्याशी गावकऱ्यांनी एक दगड बसवलेला, नदीकाठी मेलेल्यांच्या नावांचा. सगळ्यात खाली एक नाव: बर्गे, हिंदी खेचरवाला.

लीना दोनदा वाचून तिथंच बसली.

समोर कॉफीचं दुकान होतं. तिथं नव्वदीची म्हातारी होती, तिचा नातू इंग्रजी बोलायचा. म्हातारी तेव्हा सात वर्षांची. तिनं सांगितलं, हिंदी फौज आली तेव्हा पूल होताच कुठे? पळणाऱ्या जर्मनांनी त्याआधीच सुरुंग लावून तो नदीत झोपवला होता. आताचा आहे तो लढाईनंतर बांधलेला. पायदळ दोरखंड धरून पाण्यातून पलीकडे गेलं, आणि मागून पाऊस लागला. नदी फुगली. पलीकडची पोरं दोन दिवस उपाशी. खेचरं पाण्यात घालायची नाहीत असा साहेबाचा हुकूम होता. दगडावरच्या या माणसानं एका खेचरावर रोट्यांची पोती बांधली आणि हुकूम न ऐकल्यासारखा पाण्यात उतरला. मध्यावर खेचराचे पाय सुटले. तो शेपूट धरून राहिला. मग शेपूट सुटलं. खेचर पलीकडे लागलं, रोट्यांसकट. पोरांनी त्या ओल्या रोट्या खाल्ल्या. म्हातारीची आई जिवंत होती तोवर नव्या पिठाचा पहिला पाव त्या दगडावर ठेवायची.

लीना रडली. गुरुप्रसादनं खांबांचे फोटो काढले.

विमानात तिनं विचारलं, बापूंना कसं सांगायचं? गुरुप्रसाद म्हणाला, "नारदाच्या गादीवरून खोटं बोलता येत नाही, लीना."

"खोटं कुणी म्हटलं? रोट्यांचं सांग. रोट्यांचं खरंच आहे की."

"बघू," तो म्हणाला, आणि डोळे मिटून घेतले. तिनं त्या 'बघू'वर विश्वास ठेवला. संसार बराचसा असल्याच शब्दांवर चालतो.

घरी तालमी झाल्या, पण पूल पडतो तिथवरच. पुढचं मला आयत्या वेळी सुचतं, असं तो म्हणायचा, आणि तसं त्याचं खरंही होतं.

चैत्रातला शुक्रवार. हॉल भरला होता. बापू पहिल्या रांगेत मधोमध, पांढरा फेटा, मांडीवर शाल आणि नारळ. मयुरेशनं मोबाइल रेकॉर्डिंगला लावून ठेवला होता, कोरेगावला पाठवायचं म्हणून. पूर्वरंगात नामाचा महिमा झाला, आणि तो इतका गोड झाला की मुनाफसुद्धा मान डोलवत होता. मध्ये बापूंनी बुवांना हार घातला. मग उत्तररंग.

गुरुप्रसादनं पूल उभा केला. खरंच उभा केला. दीडशे वर्षांपूर्वी दलदलीत पहिला खांब कसा रुतेना, तापानं मजूर कसे गेले, पहिली गाडी गेली तेव्हा बायकांनी रुळांवर फुलं कशी टाकली, मीठ आणि द्राक्षं भरून गाड्या समुद्राकडे कशा धावल्या. मग लढाई. सुरुंग. त्यानं झांजेचा एकच ठोका दिला आणि गप्प झाला, आणि पूल लोकांच्या डोळ्यांदेखत नदीत झोपला. बापूंची भुवई जरा आकसली. पूल पडला? पण बुवा आहेत, पुढे उभा करतील, अशा भरवशानं ते पुन्हा सैल बसले.

"आता या पडक्या पुलाशी," गुरुप्रसाद म्हणाला, "आपल्याकडचा एक गडी आला. काम काय? खेचरं राखायची. लोक तलवार धरतात, यानं लगाम धरला. नदीला पूर. साहेब म्हणाला, उतरू नको. पण गडी गावाकडचा, शहाणपण गावातच ठेवून आलेला. उतरला."

हशा पिकला. बापूही हसले. लष्कराच्या गोष्टीत एखादा येडबंबू असतोच, तो झाला की मग आपला ज्ञानू येणार.

लीनानं पेटीचा भाता घट्ट धरला.

गुरुप्रसादनं उपरण्याचं टोक हातात घेतलं, शेपूट करून दाखवलं, आणि त्यामागे लडखडत चार पावलं टाकली. "लोक गाईचं शेपूट धरून वैतरणी तरतात. या पठ्ठ्यानं खेचराचं धरलं. खेचर म्हणालं, बाबा रे, मला बाप गाढव आणि आई घोडी, मला माझंच कूळ ठाऊक नाही, तुझा उद्धार मी काय करू?" त्यानं उपरणं झटकलं. "आणि खेचर तरलं."

हॉल गडगडून हसला. सगळ्यांत मोठ्यानं बापू. त्यांना ठसका लागला, डोळे पाणावले, शेजारच्याच्या मांडीवर त्यांनी थाप मारली.

रोट्यांचा शब्द आला नाही, आणि आता येणार नाही हे लीनाला कळलं. तिनं स्वर धरला आणि एकदम गजर सुरू केला, रामकृष्णहरी. मुनाफला काही कळलं नाही, पण वहिनींनी धरलं म्हणून त्यानं ठेका दिला. दोनचार टाळ्याही पडल्या. गुरुप्रसादनं तिच्याकडे न बघता हात वर केला. गादीवरचा हात. पेटी थांबली. तिनं थांबवली, असं नंतर ती स्वतःला कितीदा तरी सांगणार होती. बोटं तिचीच होती.

"हसा," तो अगदी हळू म्हणाला. "पण त्या गड्याला घर होतं. घरानं ऐंशी वर्षं त्याच्या नावानं एक पूल राखला, जो त्यानं कधी उभा पाहिलाच नव्हता. श्रोते हो, सत्य कडू असतं. गादीला ते गोड करून सांगता येत नाही. पुलाच्या पायथ्याशी मी स्वतः नाव वाचून आलो. ज्ञानू बर्गे, खेचरवाला, मुक्काम कोरेगाव."

हसू एकदम बंद पडलं नाही. मागच्या रांगांना नाव ठाऊक नव्हतं, तिकडे ते थोडं रेंगाळलं. पुढच्या रांगेतली माणसं तेवढी आपापल्या गुडघ्यांकडे बघू लागली. बापूंचं तोंड मघाच्या हसण्यानं उघडंच राहिलं होतं, आणि ते मिटायचं कसं हे त्यांना आठवेना.

कुणी उठलं नाही. मयुरेश अर्धवट उठला, तशी बापूंनी त्याची बाही धरून खाली ओढलं. कीर्तन चालू होतं.

आणखी थोडा वेळ गुरुप्रसाद असत्याच्या पुलांवर बोलला. छान बोलला. आरती झाली. मग यजमानाचं नाव पुकारलं गेलं, कारण ते आधीपासून ठरलेलं होतं आणि पुकारणाऱ्याला दुसरं काही सुचलं नाही. बापू उठले. शाल उलगडून गुरुप्रसादच्या खांद्यावर घातली, एका बाजूला लोंबत होती ती नीट केली, नारळ हातात दिला. आणि वाकले. ब्याऐंशी वर्षांचा माणूस पूर्ण वाकला, कपाळ बुवांच्या पायाला लावलं. गुरुप्रसाद ताठ उभा राहिला. गादीवरच्यानं वाकायचं नसतं.

पडद्यामागे लीनानं त्याला गाठलं. "रोट्या कुठे गेल्या, गुरू?"

तो पगडी उतरवत होता. "हशा आल्यावर रोट्या कुठे बसवू? रंग उतरतो." मग आरशात बघत त्यानं विचारलं, "म्हातारा रडला का?"

ती वळून पंगतीकडे गेली. वाटेत मुनाफ तबल्याला खोळ घालत होता. खाली बघून म्हणाला, "वैनी, मी ठेका द्यायला नको होता. मी बी हसलो." आणि तसाच, न जेवता, ड्युटीला निघून गेला.

पंगत बसली होती. बापूंच्या आसपास माणसं मुद्दाम हवापाण्याचं बोलत होती, विमानाच्या तिकिटाचं विचारत होती. लीनाला वाटलं होतं बापू कोपऱ्यात असतील, किंवा गेले असतील. ते मधोमध बसून बोलत होते. त्यांनी दोन वाट्या उपड्या मांडल्या होत्या, त्यावर चमचा आडवा ठेवला होता.

"ह्यो पूल," ते सांगत होते. त्यांनी चमचा उचलून बाजूला ठेवला. "पूल न्हाईच. खलास. आता आमचा बाप आला. हातात काय, तर शेपूट." त्यांनी फेट्याचा शेमला हातात धरून हलवला. बुवांनी केलं होतं तसंच, थोडं जास्तच. ऐकणाऱ्यांतला एक जण कसाबसा हसला. बापूंनी त्याच्याकडे बघितलं आणि तो मोठ्यानं हसेपर्यंत शेमला हलवत राहिले.

लीना त्यांच्यासमोर खाली बसली. घाईघाईनं, तुटक तुटक तिनं सगळं सांगितलं. पलीकडची उपाशी पोरं, हुकूम मोडून उतरणं, खेचरावरच्या रोट्या, त्या पोचल्या, पोरांनी खाल्ल्या. दगडावर पाव ठेवणारी बाई. मी तिच्या मुलीचा हात धरून ऐकलंय, बापू.

बापूंनी शांतपणे ऐकून घेतलं. तिच्या ताटात वाढलं नाही हे त्यांच्या ध्यानात आलं, त्यांनी वाढप्याला खूण केली.

"लीनाताई, तिकडनं येऊन महिना झाला तुमाला. रोज आमच्यात च्या पीत हुता. मी कप मांडत हुतो, तुमी इचारत हुता, फुडं काय. तवा ह्या भाकरी न्हवत्या का?"



"बुवांनी बी न्हाई सांगितल्या, आन् ते तर गादीवर हुते. तुमी मायाळू हाय, म्हून करून सांगताय. मला कळतंय." त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, सुनेच्या ठेवावा तसा. "पर आता नको. एक पूल ऐंशी वरसं वागवला. आता ह्या वयात भाकरी कुठं वागवू?"

"खरंच आहे ते, बापू. देवाशपथ."

"आसंल. पर गोष्ट आता चांगली बसलीय. लोक हसत्यात." शेजारी नवीन कुणी ताट घेऊन टेकला, मयुरेशच्या वर्कशॉपमधला, कीर्तनाला उशिरा आलेला. बापूंनी वाट्या पुन्हा सारख्या केल्या, चमचा त्यावर ठेवला आणि त्याच्याकडे वळून विचारलं, त्यानं खेचराची गोष्ट ऐकली का.