चिकटलेली सोळा पाने

मित्रांनो, मी हाताने लिहिलेली एक जुनी किताब आहे. आखाडा बाळापूरच्या बाजारात मोहियोद्दीनचाचांचे शिवणकामाचे दुकान आहे. त्यामागच्या खोलीतल्या फडताळात मी राहते. चाचांच्या आजोबांनी हैदराबादेत शिकत असताना दोन हिवाळे बसून बोरूने मला उतरवून घेतले होते.

माझ्यात काय आहे ते आधी सांगते. काय करावे आणि काय करू नये याची यादी माझ्यात नाही. निर्णय कसा काढावा, ते माझ्यात आहे. आधी कुराणात पाहावे, मग पैगंबरांच्या वागण्यात, मग जाणकारांच्या एकमतात. तिथेही सापडले नाही, तर माहीत असलेल्या गोष्टीशी ताडून पाहावे. चाचा आपल्या मुलीला, सबीहाला, हे समजावताना म्हणत की द्राक्षाची दारू मना आहे ती नशेमुळे, म्हणून मोहाच्या दारूचे नाव कुठे लिहिलेले नसले तरी तीही मनाच. सबीहा तेव्हा सहावीत होती. तिला ते लगेच कळले, याचा मला फार आनंद झाला होता.

ती माझी चांगली वर्षे होती. चाचा काही मौलवी नव्हते. पण लोक कपडे शिवायला टाकत आणि जाता जाता मनातली शंका विचारत. नमाजाआधी हातपाय-तोंड धुऊन वजू केलेला पक्का आठवतो, नंतर तो मोडला की नाही याचा संशय आहे, मग काय करू? चाचा मला उघडून सांगत की खात्रीची गोष्ट नुसत्या संशयाने मोडत नाही. माणूस हलक्या मनाने घरी जाई. गावात माझे नाव झाले होते.

मग एका पावसाळ्यात छपराचा पत्रा गळला. माझी शेवटची सोळा पाने भिजली आणि वाळताना एकमेकांना चिकटून फळीसारखी झाली. ओढली तर फाटतील, म्हणून चाचांनी त्यांना हात लावला नाही. पुढे पुढे त्या पानांत काही लिहिलेले आहे, हेही कुणाच्या ध्यानात राहिले नाही.

त्यानंतर काही वर्षांनी डोंगरकड्याहून नजमुन्निसा आली. वय अठ्ठावीस. तिचा नवरा आतिफ पाच वर्षांपूर्वी केळीचा ट्रक घेऊन गेला, तो परतलाच नाही. ट्रक रस्त्याच्या कडेला उभा सापडला, आतिफ सापडला नाही. आता पुसेगावच्या एका विधुर शेतकऱ्याने तिला मागणी घातली होती. भाऊ म्हणत होता, कोर्टात चल, कायद्यात वाट आहे. पण अल्लासमोर आपण चुकत नाही ना, हे तिला आधी जाणून घ्यायचे होते.

चाचांनी तोच नियम काढला. लग्न खात्रीचे होते, मरण संशयाचे.

"जवर त्याची खबर येत न्हाई, तवर तू आतिफचीच बायको," ते म्हणाले.

किती वर्षे, असे तिने विचारले. चाचांनी पुढची ओळ वाचून दाखवली: त्याच्या वयाची माणसे जगातून जाईपर्यंत. नजमुन्निसा ओढणी सावरून निघून गेली. मित्रांनो, पुढचा मजकूर त्या चिकटलेल्या पानांत होता. मला तोंड नाही. मी नुसती उघडी पडून राहिले.

पुसेगावच्या माणसाने दुसरीकडे लग्न केले. नजमुन्निसा भावाच्या घरी राहिली. लोक तिच्या सबुरीची तारीफ करत, आणि ती ऐकून चाचांना बरे वाटे. अशी चौदा वर्षे गेली. चाचांची नजर गेली, लोक शंका फोनवर शोधू लागले, माझ्यावर धूळ बसली.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत सबीहा माहेरी आली. ती आता सेनगावकडे शाळेत शिकवते. फडताळाला वाळवी लागली म्हणून तिने मला बाहेर काढले आणि ती फळी पाहिली. ओलसर कापड आणि बोथट सुई घेऊन तिने आठ दिवसांत सोळाच्या सोळा पाने सोडवली. मग वडिलांना वाचून दाखवली.

तिथे चाचांच्या आजोबांनी लिहिले होते की हा नियम हरवलेल्या माणसाचा हक्क राखण्यासाठी आहे, मागे राहिलेल्या बाईला जखडण्यासाठी नाही. तिची तकलीफ मोठी असेल, तर आपल्याच पंथाच्या नंतरच्या जाणकारांनी दुसऱ्या, मालिकी पंथाचे मत घेतले आहे. काझीने शोध घ्यावा, चार वर्षे वाट पाहावी, मग बाईने इद्दत पाळावी, म्हणजे चार महिने दहा दिवस शोकात बसावे. त्यानंतर ती मोकळी.

चाचांनी ते तीनदा वाचायला लावले. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने ते सबीहाला आणि मला घेऊन डोंगरकड्याला गेले.

नजमुन्निसाचे केस कानांपाशी पिकले होते. तिने चहा ठेवला. चाचांनी कपाला हात लावला नाही.

"पोरी, पुढची पानं चिकटली व्हती, मी अर्धीच किताब वाचून तुला सांगितलं व्हतं," ते म्हणाले.

सबीहाने तिला पाने वाचून दाखवली. नजमुन्निसाने शेवटपर्यंत ऐकले. मग ती हळू आवाजात बोलली.

"चाचा, तुमी खोटं न्हाई सांगितलं. पन पुढचं मला वाचता येत न्हाई, एवढं त्या दिवशी म्हनले असते, तर मी दुसऱ्या कुनाला इचारलं असतं."

चाचांनी मान खाली घातली.

सबीहाने विचारले, आता तुला काय हवे आहे. लग्न नको, ती म्हणाली, त्याचे दिवस गेले.

"मला इद्दतीत बसायचंय. जित्या मानसासाठी रडता येत न्हाई. एकोणीस वर्सं मी त्याच्यासाठी रडले न्हाई."

हिंगोलीच्या काझींनी चौकशी केली आणि आणखी वाट पाहायला लावू नये, असा निकाल दिला. ते कळले त्या दिवशी नजमुन्निसा घरात बसली आणि आतिफच्या नावाने मोठ्याने रडली. शेजारच्या बाया आल्या. तिला कुणी गप्प केले नाही.

मोहियोद्दीनचाचा या उन्हाळ्यात वारले. शेवटी शेवटी कुणी काही विचारले, तर ते म्हणत, मला माहीत न्हाई, दुसरीकडं इचारा. लोकांना वाटे, म्हातारा विसरून राहिला.

मित्रांनो, जुन्या किताबांना पाण्यापासून आणि वाळवीपासून जपा, पण तेवढ्याने भागत नाही. आम्हाला शेवटपर्यंत वाचा. आणि एखादे पान वाचायचे राहिले असेल, तर तुमच्या शब्दावर आपले आयुष्य ठरवायला आलेल्या माणसाला ते आधी सांगा.