कडीचा आवाज

माझी ताई हुशार आहे, हे मी कुणी विचारायची वाट न बघता सांगतो. लोक कंटाळतात, कंटाळू देत. मुलांच्या एका पुस्तकात वाट चुकलेल्या साळिंदराच्या पिल्लाची गोष्ट होती. तिच्यावरून ताईने कॉम्प्युटरचा गेम एकटीने बनवला, तेव्हा ती कॉलेजातही गेली नव्हती. गेम कॅसेटवर मिळायचा. पडदा काळा, चित्रं हिरवी, तिसरा रंग औषधालाही नाही. तरी आमच्या वयाच्या कितीतरी पोरांनी त्या पिल्लाला जंगलातून घरी पोचवलं.

आता एक कंपनी तोच गेम नव्याने काढत होती. त्यांनी ताईला बोलावलं, आणि मी न बोलावता गेलो.

मॅनेजर गेमचा भक्तच निघाला. "मॅडम, सगळं जसंच्या तसं ठेवलंय. फक्त शेवटी दार उघडून आई बाहेर येते ना, ते दृश्य कॅसेटवर सापडलं नाही. पुसलं गेलं असणार. आमच्या या चित्रकार बाई ते परत काढतील."

"पुसलं नाही गेलं," ताई म्हणाली. "ते नव्हतंच."

"असं कसं? मी स्वतः पाहिलंय. सगळ्यांनी पाहिलंय!"

"पुस्तकात आई दार उघडते. पण माझ्या जंगलानेच कॉम्प्युटरची सगळी मेमरी खाल्ली. आईला जागाच उरली नाही. म्हणून बंद दार, खिडकीत उजेड, कडी निघाल्याचा आवाज, आणि पडदा काळा. संपलं."

त्या कडीचा मी साक्षीदार आहे. कॉम्प्युटरला नुसतं टीं-टीं करता यायचं. ताई आमच्या स्वयंपाकघराच्या दाराची कडी काढायची, लावायची, कान देऊन ऐकायची आणि त्या टीं-टींमधून 'खट्' जुळवत बसायची. आई जाम वैतागायची. "अगं, एकदाचं ठरव, उघडं की बंद!"

"मॅडम, लोक म्हणतील शेवट कापला," मॅनेजर अडून बसला. "नाव तुमचं खराब होईल."

ताईच्या नावाने कुणी बोटं मोडलेली मला खपत नाहीत. मी बाह्या सरसावल्या. पण बोलू काय, कपाळ? विक्रीला जायच्या आधी तो गेम पहिल्यांदा खेळलो मी, आणि दार उघडलेलं मलाही आठवत होतं. मी गप्प बसलो. मी गप्प बसणं ही घरात बातमी असते, त्यामुळे ताईने लगेच ओळखलं.

"काय रे, तुलाही दिसली?"

"दिसली," मी म्हटलं. "निळा स्वेटर. कोपराला ठिगळ."

ताई हसत सुटली. मग मॅनेजरकडे वळली. "आणि तुमची?"

"पिवळी शाल," तो पटकन म्हणाला. "खांद्यावरून सारखी घसरायची."

"छे, शाल कुठली?" चित्रकार बाई म्हणाल्या. "अ‍ॅप्रन होता. आणि हाताला पीठ."

आम्ही तिघं एकमेकांकडे बघत राहिलो. हिरव्या-काळ्या पडद्यावर निळं आणि पिवळं आलं कुठून, हे कुणी विचारायची गरज नव्हती. ठिगळाचा स्वेटर आमच्या आईचा. ती हौसेने नवा घ्यायची आणि पुन्हा तोच जुना घालायची.

मॅनेजरने चष्मा काढून पुसला. "ती शाल आमच्या घरातली," तो म्हणाला. "आई गेल्यावर कुठे गेली कोण जाणे."

त्याने तो परत लावल्यावर ताई म्हणाली, "आता सांगा, काढणार कुणाची आई?"

चित्रकार बाईंनी हातातली पेन्सिल खाली ठेवली. मॅनेजरने जुना गेम लावला आणि पिल्लाला शेवटच्या दारापर्यंत नेलं. बोटं अजून तयार होती त्याची. खिडकीत उजेड आला.

खट्.

पडदा काळा झाला, आणि तरी तो कितीतरी वेळ बघतच राहिला. डोळे भरले होते.

"मग मॅडम, शेवट कसा ठेवायचा?"

ताईने एकदा माझ्याकडे पाहिलं. "ठरलं," ती म्हणाली. "बंद."

मला राहवेना. मी मॅनेजरच्या कानाशी वाकून म्हटलं, "माझी ताई आहे."