नाशपातीवरच्या थव्याचा खटला

न्यायासनावर बसलेल्या माणसाला ना गाव असतं, ना घराणं, ना बालपण. त्याला असतो तो फक्त कायदा. राजधानीत, लुब्लियानाच्या विद्यापीठात मला हे चार वर्षं शिकवलं गेलं आणि उत्तरपत्रिकेत तसं लिहून मी पासही झालो. मग आमच्या खोऱ्यातल्या न्यायालयात लेखनिक म्हणून परतलो, तर इथे न्यायाधीश तिल्का आझ्मान यांचं बालपण बेकरीवालीलासुद्धा पाठ. वडिलांच्या चाळीस मधपेट्या होत्या. १९८८च्या मे महिन्यात त्यातला मधमाश्यांचा एक थवा उठून गेला आणि परत मिळाला नाही. कोणी पकडला हे वडिलांना ठाऊक होतं. त्या माणसाच्या दुकानातून त्यांनी मरेपर्यंत एक खिळा विकत घेतला नाही.

त्यामुळे येर्नेय प्रेत्नारवरचा थवाचोरीचा खटला तिल्काबाईंसमोर आला, तेव्हा निकाल गावाने आधीच लावून टाकला होता.

येर्नेय निवृत्त पोस्टमन. दंड किती, शिक्षा किती, याची त्याला फिकीर नव्हती. बावीस वर्षं मधपाळ मंडळाचा झेंडा तो धरत आला होता. मिरवणुकीत उंच धरायचा, मंडळातलं कोणी गेलं की कबरीवर तीनदा झुकवायचा. गुन्हा शाबित झालेल्या माणसाला झेंडा धरता येत नाही, हे मंडळात सगळ्यांना माहीत होतं.

"तुरुंगात टाका म्हणावं," तो वकिलाला म्हणाला, "पण झेंड्याचं बघा."

वकील ह्रिबेर्निक लुब्लियानाचा. मध बाटलीतून येतो एवढी त्याची माहिती. न्यायाधीशांचं घराणंच माश्यांचं, तेव्हा त्या निःपक्ष राहूच शकत नाहीत, खटला दुसरीकडे द्या, असा सात पानी अर्ज त्याने केला. उत्तर आलं की न्यायालयात आणखी दोनच न्यायाधीश आहेत. एक फिर्यादीच्या मुलीची धर्ममाता, दुसऱ्या बाळंतपणाच्या रजेवर, आणि दोघींकडेही माश्या आहेत.

सुनावणीला तीसेक मधपाळ मागच्या बाकांवर येऊन बसले. फिर्यादी स्रेच्को मुलेय हा येर्नेयचा शेजारी आणि शाळेतला सोबती. त्याचं म्हणणं सरळ होतं. त्याच्या पेटीतून उठलेला थवा येर्नेयच्या नाशपातीच्या झाडावर बसला, आणि त्याला न सांगता येर्नेयने तो झटकून आपल्या पेटीत भरला. येर्नेयचं म्हणणं, थवा रानातून आला.

"थवा तुमचाच कशावरून?" तिल्काबाईंनी विचारलं.

"बाई, माझ्या माश्या मी ओळखतो."

"वीस हजार आहेत रे," येर्नेय बसल्या जागेवरून म्हणाला. "एकेकीला नावाने हाक मारतोस काय?"

"आरोपीने गप्प बसावं. मुलेय, तुमच्या राणीमाश्यांची काही खूण?"

मुलेयने छाती पुढे काढली. "पाठीवर रंगाचा ठिपका आणि उजवा पंख कातरलेला. तेरा वर्षं हाच नेम. मंडळात हे सगळ्यांना मीच शिकवतो."

बाईंचं पेन थांबलं.

"सगळ्या राण्यांचा पंख?"

"सगळ्या."

"या थव्यातल्या राणीचाही?"

"म्हणजे काय!"

मागच्या बाकांवर कोणीतरी खोकल्यासारखं हसलं. ह्रिबेर्निक येर्नेयच्या कानाशी वाकला. "काय झालं?"

"वकीलसाहेब, पंख कातरलेली राणी उडते होय? ती पेटीसमोरच्या गवतात पडते. राणी सोबत नाही म्हटल्यावर बाकीच्या माश्या दोन घिरट्या घालतात आणि घरी परततात. कातरतात ते त्याच्यासाठीच."

"मुलेय," बाई म्हणाल्या, "तुमच्या पेट्यांपासून ती नाशपाती चाळीस मीटरवर आहे. मध्ये कुंपण. राणी काय चालत गेली?"

मुलेयचा चेहरा पडला.

"नीट विचार करून सांगा. एखादी राणी कातरायची राहून गेली असेल. माणसाकडून राहतं."

वाट मोकळी होती. 'हो, राहिली असेल' एवढं म्हटलं असतं तर येर्नेयचा झेंडा गेलाच होता. येर्नेयने डोळे मिटून घेतले. मुलेयने मागे वळून बघितलं. तीस जण, आणि त्यातल्या निम्म्यांच्या हातात पहिली कात्री त्यानेच दिलेली.

"माझ्याकडून," तो म्हणाला, "राणी राहत नाही."

पावणेबाराला येर्नेय निर्दोष सुटला. न्यायाधीशांच्या घराण्याबद्दलचा सात पानी अर्ज ह्रिबेर्निकने नीट घडी करून बॅगेत ठेवला आणि विजय आपला असल्यासारखे सगळ्यांशी हात मिळवले.

समोरच्या खाणावळीत सगळे जमले. अक्रोड भरलेला पोतित्सा केक आला, मधाची ब्रँडी आली, मुलेयही आला.

"अरे गाढवा," येर्नेय त्याचा पेला भरत म्हणाला, "एक राणी राहिली म्हणाला असतास तर मी मेलो होतो."

"आणि यांना तोंड काय दाखवलं असतं? तू पी गुमान."

येर्नेयचा झेंडा कायम राहिला याची नोंद नियमाच्या आकड्यासकट व्हावी, म्हणून मंडळाच्या सचिवांनी नियमावली मागवली. चष्मा लावून नववा नियम त्यांनी दोनदा वाचला, मग पुस्तिका शेजारच्याकडे सरकवली.

शिक्षा झालेला माणूस चालणार नाही, ही अट फक्त खजिनदाराला आहे.