सरजाची मान

"हे ऐकून कुणी इस्वास ठेवणार न्हाई, पर ऐका," लिंबाजी म्हणाला आणि धुरपताबाईचं सूप हातातच थांबलं. सासरा असं म्हणाला की पुढं नुसतं बंडल येतं, हे मुरुडपासून औशापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं.

आज ते बंडल एकटीसाठी होतं. नात पंचशीला उंबऱ्यात पाठ फिरवून बसली होती. उकळत्या पाण्याचं भगुणं मानेवर कलंडलं होतं. ती जखम आता कुठं भरून आली होती. लातूरचा जिल्हा झाल्यावर तिथल्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई आली होती, तिनं घट्ट पट्टी दिली. रातंदिस बांधा, खोबरेल चोळा, आतापासूनच. वण एकदा उठला, आखडला, की मान वळायची नाही. आणि पोरीनं पट्टी भिंतीकडं भिरकावली होती.

"जखम भरली की! उन्हानं आंग उकडून निघायलंय. टँकरचा पत्ता न्हाई, पट्टी धुवावं कशात? वास मारायलीय. पोरी हसतेत."

"हसू दे त्यांच्या मायला," धुरपताबाई कडाडली. "बांध म्हन्ते ना!"

"तूच बांध!"

जखम भरली की. हेच शब्द ह्या घरात पूर्वीही एकदा निघाले होते, आणि सगळ्यांनी हुश्श केलं होतं. लिंबाजीनं सुनेला डोळ्यानंच गप्प केलं.

"तुझी सरजाआत्या बहात्तरच्या दुष्काळात अशीच भाजली. मानेलाच. वण असा फुगला, जनू घोरपड चिकटली. उचलली पोरगी, नेली लातूरला. डॉक्टरनं पट्टी आवळली. घोरपडीला दम घेता येईना! एक दिस उठली आन् औशाच्या एस्टीत जाऊन बसली. बिनतिकिटाची! कंडक्टर आजून हुडकायलाय."

पंचशीलाचे खांदे हसण्यानं हलले. लिंबाजीला चेव आला.

"मान अशी सुटली म्हनतो! बाजारात कुणी 'सरजे' म्हनलं, की घुबडावानी गर्रकन फिरायची."

धुरपताबाईनं पदर तोंडाला लावला. नणंद गेल्यापासून घरात तिचं नाव कुणी काढलं नव्हतं.

पंचशीला उठली. पट्टी झटकून तिनं आज्याच्या मांडीवर टाकली आणि मान वर करून पुढ्यात बसली. तेलाच्या बाटलीचं बूच लिंबाजीला निघता निघेना.

"बांधा आबा, घट्ट. पर खोटं बोलताव तुमी. आत्या मला बघायची, तवा सगळं आंग फिरवायची."